शांतामावशीचे पाच हंडे

चहा गार झाला तरी चालंल, पण हे आधी ऐका. दुष्काळाचं साल होतं. चिकलठाण्यात आमच्या वस्तीमागं नव्या बिल्डिंगी उठत होत्या आणि आमच्याकडं चार दिवसांतून एकदा टँकर यायचा. कुबडी टेकत मी पोचेपर्यंत तो रिकामा. मी आणि गल्लीतले आंधळे गफूरचाचा वॉर्ड ऑफिसात जाऊन जाऊन लई भांडलो, तेव्हा कुठं अपंगांना पहिला नंबर मिळाला.

पहिल्याच दिवशी माझ्या कळशीमागं शेजारच्या शांतामावशीनं पाच हंडे मांडले. टँकरवाल्याला म्हणाली, "हिचेच हायेत सगळे. मी नुसती उचलायला आलेय."

मागं बायका खवळल्या. "बघा, हे असंच होणार! बंद करा हा पहिला नंबर!"

नाय म्हणावं तर मावशी कायमची तुटणार, व्हय म्हणावं तर नंबर जाणार. टँकरवाला ओरडला, "बोल लवकर, कुणाचे हायेत?"

"माझेच," मी म्हणाले. "भर."

हंडे भरले. मग मावशीला म्हणलं, "चल, दोन माझ्या पिंपात ओत, तीन गफूरचाचाच्या."

सगळ्यांसमोर बोलून बसली होती, करते काय? शेवटचा हंडा रिकामा करून, घामाघूम होऊन म्हणाली, "ह्याच्यापेक्षा रांगेत उभं राहिलेलं बरं!"

"तेच तर, मावशी," मी म्हणाले. "तुला उभं राहता येतं."