सीटखालचा चोर स्विच

न्हाई वैनी, कॉईल बदला, सगळं ठीक व्हतंय — कॉईल जुनी झाली की स्पार्क मरतोच, त्यात नवं काय. — काय? परवाच बदलली? बरं. मंग प्लग. प्लगबी नवे घातले? अवो, मंग हितं कुरुळीला कशाला आलात, पिंपळे सौदागरात मेकॅनिक न्हाई का कुनी. बसा त्या स्टुलावर, पुसून बसा, ग्रीस हाय. साहेब असते तर त्यांनी आनली असती गाडी, तुमी शेजारी बसला असता पर्स मांडीवर घेऊन. किती झालं सुरेंद्रसाहेबांना जाऊन — आठ म्हैनं? बघा. आन तुमी लगेच स्टेरिंगवर. पन्नाशी उलटल्यावर हौस आली म्हनायची.

आता असं हाय — ही इलेक्ट्रॉनिक इग्निशनची किट मीच बसवलीय हिला, बारा वर्सांपूर्वी. त्याच्या आदी पॉइंट व्हते, सारखे घासायला लागायचे. साहेबांच्या वडलांची फियाट, साहेबांचा जीव तिच्यात. ह्या किटला काय लागतं? पुरे बारा व्होल्ट लागतात. कमी पडले की स्पार्क पिवळा, मरतुकडा — घरापुढं गाडी चालू व्हती, चढ लागला की मिसिंग मारती आन बंद. — तसंच व्हतंय ना? मंग बॅटरी उतरली आसंल. — हे काय, कागद? बॅटरीवर साडेबारा, कॉईलवर सात. मीटर कुनी लावला? तुमी. मोबाईलवर बघून. वा. आमी तीस वर्सं हात काळे केले आन वैनी मोबाईलवर शिकल्या.

मधले साडेपाच कुठं गेले म्हनता. जुनी वायरिंग हाय, वाटंत खाती थोडं. — नगा, ते डाव्या सीटखालचं कारपेट नगा उचलू वैनी, धूळ हाय — बरं, उचललंत. तो चोर स्विच. जुन्या गाडीत असतोच, चोरानं चावी फिरवली तरी चालू व्हायला नको म्हनून. — व्हय, ह्याच्यानं लगेच बंद न्हाई पडत, आदी नुसती मरगळती. मधी बोटाएवढा रेझिस्टन्स टाकलाय, तुमचे साडेपाच तोच खातो. आता बघितलंतच तर सांगतो, गेलेल्या मानसाची कसली भीड. साहेबांनी लावून घेतला. तुमच्यासाठी. तवा तुमी नवं नवं लायसन काढलं व्हतं, माणच्या शाळेत शिकवायला जायचं चाललं व्हतं तुमचं. साहेब म्हनले, सोनबा, मला तोंडानं नाही म्हणवत, गाडीलाच म्हणू दे. झालं. तुमी सरावाला निघायच्या आदी साहेब स्विच खाली करनार, तुमी वाकडच्या पुलाच्या चढाला अडकनार, मागनं हॉर्न, तुमी घामाघूम. मंग साहेब येनार, चप्पल शोधल्यासारखं वाकनार, एक सेल्फ — चालू. ‘हात बसावा लागतो, पद्मा.’ चार-पाच वेळा केलं आसंल. आमी हितं चा पिताना लई हसायचो.

शाळेत रुजू व्हायच्या दिवशी? त्या दिवशी साहेब कुठं व्हते घरी, ते चाकणला, पहिल्या शिफ्टला, पहाटंच गेलेले. त्यांनी न्हाई केला स्विच खाली. — मंग कुनी म्हंजे काय. आदल्या दिवशी ते गाडी घेऊन आले व्हते हितं. म्हनले, काढून टाक रे, ती रात्री उशीत तोंड घालून रडते, मला नाही बघवत, जाऊ दे तिला. — व्हय, असंच म्हनले. पाच मिनटाचं काम. मी न्हाई काढला. तुमी आठवा जरा, त्याच्या आदल्या आठवड्यात हितंच उभ्या राहून काय म्हनला व्हता — ‘सोनबा, प्लगची गॅप मोजलीस का? पुस्तकात वेगळी दिलीय.’ चार गिऱ्हाइकं उभी व्हती. हसली ती. मला पुस्तकातलं सांगता? मी स्विच खाली केला, गाडी धुतली आन साहेबांना सांगितलं, तार कापली.

दुसऱ्या दिवशी हिंजवडीच्या चौकात मीच आलो व्हतो की, विसरलात? तुमी पदरानं तोंड पुसत व्हता, शाळेतनं फोन आला व्हता की दुसऱ्या बाईंना घेतलं. मी डावं दार उघडलं, वाकलो, एक सेल्फ, चालू. तुमीच म्हनलात, माझ्या हातातच काहीतरी खोट आहे. मी व्हय म्हनलो. साहेबांनाबी शेवटपत्तोर तेच वाटलं. म्हनायचे, स्विच काढला तरी बंद पडली रे, तिला खरंच नाही जमत.

मागल्या म्हैन्यात? ऑइल बदलायला आनली तवा परत कसा खाली झाला — आता हाताला सवय असती वैनी. तुमाला गाडीतनं एकटीला उतरताना बघितलं आन झालं.

पक्कड? घ्या. तुमीच तोडा तो स्विच, तोडा की. त्या दोन लाल तारा एकात एक पिळा आन वरनं टेप. — मारा सेल्फ. — बघा, प्लगला कसा निळा तडतडतोय. झालं ना मनासारखं?

असं बघू नगा माझ्याकडं. साहेबांनी लावला, मी ठेवला, आन तुमी? बारा वर्सं डाव्या सीटवर बसून हिंडलात, स्विच त्याच सीटखाली व्हता. एकदा वाकून बघायचं व्हतं. — ती तोडलेल्या स्विचची डबी माझ्या टेबलावर नगा ठेवू, न्या घरी. काढा गाडी बाहेर, मागं गिऱ्हाईक खोळंबलंय.