रोमची बाई

(पिंपळगाव रेणुकाईचं शिवार, १९४६ चा हिवाळा. ज्वारी हुरड्यात आलेली. लढाईवरून सुटून आलेला मच्छिंद्र आणि त्याची बायको तुळजा माळ्यावर पाखरं राखत बसलेत.)

तुळजा : मंग टेसनातून बाहीर आल्यावर?

मच्छिंद्र : बाहीर आलो अन् उभाच राह्यलो. कवळं ऊन पडलेलं. सगळ्या भिंती पिकल्या पपईच्या रंगाच्या. साहेब म्हणला, दोन हजार वर्सांचं शहर हाय हे रोम, दोन दिवसांत काय बघायचं ते बघून घ्या.

तुळजा : दोन हजार वर्सं. अन् पडलं न्हाई?

मच्छिंद्र : निम्मं पडलंय. तेच तर बघायला लोक येतेत. आपल्याकडं भिंत पडली की दगूड उचलून गोठ्याला लावतेत. तिथं पडलेल्या खांबालाबी पहारा.

तुळजा : अन् पाण्याचं कसं?

मच्छिंद्र : पाणी चौकाचौकात. दगडाच्या घोड्याच्या तोंडातून धो धो. कुणी अडवीना, कुणी भरून न्हेईना. मी पहिल्या चौकात तोंड धुतलं, दुसऱ्या चौकात पाय धुतले. आपल्या गावचा धर्मराज संगं होता, तो तर तिसऱ्या चौकात आंघोळीलाच बसत होता, म्या हात धरून ओढला.

तुळजा : भावजी गावातबी तसेच. थांबा, त्या कडंला पाखरं उतरली. हाणते गोफण... हं. सांगा मंग.

मच्छिंद्र : मंग नुसतं चालत राह्यलो. गल्लीतून गल्ली. कुठंतरी घंटा वाजायची, तिचा आवाज विरायच्या आत दुसरीकडं दुसरी. पायाखाली जमीन हाय का न्हाई तेच कळंना. सपनात चालल्यागत वाटून राह्यलं होतं.

तुळजा : अन् बाई?

मच्छिंद्र : कोणती बाई?

तुळजा : रोमची. भावजींनी त्यांच्या पुष्पाबाईला सांगितलं, पुष्पाबाईनं आडावर मला. जाताना बेळगावच्या बाजारात माझ्यासाठी हिरवा खण घेतल्ता म्हणे तुम्ही. तितकी वर्सं पिशवीत सांभाळला, अन् रोममधी एका बाईला देऊन आलात.

मच्छिंद्र : धर्मराजच्या तोंडात तीळ भिजत न्हाई.

तुळजा : भावजी खोटं बोलले का?

मच्छिंद्र : न्हाई.

तुळजा : तुम्ही आल्यापासून मी इचारलं न्हाई. पण रोज इथं बसून तुम्ही तेच शहर सांगता. डोळे मिटून सांगता. मला वाटतं माणूस आला, मन तिकडंच राह्यलं. तसं असंल तर बराबर सांगून टाका. मला अर्धा नवरा नको.

मच्छिंद्र : रोमच्या त्या दोन दिवसांच्या रजेच्या आदल्या दिवशी भोकरदनकडचा एक नवा शिपाई पलटणीत आला. म्या गावाची खबर इचारली. त्याला वाटलं मला माहीत हाय. बोलता बोलता म्हणला, तुमचं पोरगं, कचरू, गेलं ते लई वाईट झालं.

तुळजा : तुम्हाला तिकडंच कळलं होतं?

मच्छिंद्र : हां. तोवर मी रोज मनातल्या मनात त्याला चालायला शिकवून राह्यलो होतो.

तुळजा : बोलला न्हाईत कधी.

मच्छिंद्र : कसं बोलू? सगळे निघाले, मीबी निघालो. घोडे बघितले, खांब बघितले. दुपारी एका गल्लीत त्यांचं देऊळ लागलं. आत गारवा, मेणबत्त्या. कोपऱ्यात बाई बसलेली. पांढऱ्या दगडाची, तुळजे. मांडीवर पोरगा. तान्हा न्हाई, चांगला माझ्याएवढा. मेलेला.

तुळजा : मेलेला? मांडीवर?

मच्छिंद्र : एक हात खाली लोंबलेला. ती कोण, कुणाला इचारलंबी न्हाई. आपल्यात माणूस गेलं की माहेरचं कुणी दुखवटा घेऊन येतं, लुगडं न्हाई तर खण तरी अंगावर घालतं. तिच्याकडं कुणी आलेलं दिसंना. दगूड हाय, हे कळत होतं मला. तरी खण काढला अन् तिच्या गुडघ्यावर ठेवला. म्हणलं, बाई, दोन घास खा. म्हणतेत तसं.

तुळजा : हिरवा खण? दुखवट्याला?

मच्छिंद्र : होता तोच होता. त्यांचा पुजारी पळत आला. माझ्या तोंडाकडं बघितलं अन् खण राहू दिला.

तुळजा : मला कुणी दुखवटा आणला न्हाई. माहेरात हाय कोण?

मच्छिंद्र : माहीत हाय. तिथं उभं राहून तेच डोक्यात होतं.

तुळजा : ती रडत होती का?

मच्छिंद्र : न्हाई. खाली बघून राह्यली होती.

तुळजा : मीबी रडले न्हाई. बायका रड म्हणायच्या, येईना. मामांजींनी ओढून घेतला तव्हा सोडला मी कचरूला.

मच्छिंद्र : तिच्याकडून अजून कुणी घेतला न्हाई.

तुळजा : चांगलं केलं तुम्ही. मला घर होतं, ढोरं होती, मामांजी होते. ती एकटी.

मच्छिंद्र : तुळजे, रडून राह्यली का तू?

तुळजा : रडू द्या. आज खाऊ द्या पाखरांना. अन् पुन्हा सांगा, टेसनापासून. सावकाश सांगा, ह्या खेपेला मीबी संगं येते.