बायांची सतरंजी

नाई नाई, पाळकसाहेब, चित्रावरचं कापड उचलू नका — रंग ओला हाय. आधी माफी मागतो. चित्राखालच्या वचनात काना-मात्रा चुकली असन तं सांगा, मी चौथीतून शाळा सोडली, कारखान्यात ‘खतरा’ अन् ‘धीरे चलो’ लिहून लिहून हात बसला, देवाचं कधी लिहिलं नाई. बोलनंबी माझं साधंच हाय. अन् कोनासमोर बोलाचं म्हटलं की मान खाली जाते — म्हनून भिंतीकडं पाहून बोलतो, चालन ना? बसा तुमी. त्या डब्यावर नका, त्यात टर्पेन्टाईन हाय.

तं गोष्ट वच्छलाताईची हाय. माझी मोठी बहीन, नवरा वारल्यापासून माझ्यापाशीच राहते इथं कारखान्याच्या कॅम्पात — येत्या ऐतवारी तुमच्याकडून बाप्तिस्मा घेतो म्हनते. तुमी मले या प्रार्थनेच्या शेडात त्रैक्याचं चित्र काढाले लावलं, तवा ती मले डबा द्याले येत होती, अन् दारात उभी राहून तुमचं सारं ऐके. मले वाटे, डबा परत न्याले थांबली. आता तुमीच सांगा — तीन वर्षं झाली, आमी नागपूरले दीक्षा घेऊन जातीची एक शिडी सोडून आलो. आता दुसऱ्या घरात जाचं तं तिथं शिडी हाय का नाई हे पहिले पाहू नये मानसानं? मी तं पाहीन.

तुमी म्हनता, बाप, पुत्र, पवित्र आत्मा — तिघं सारखे, कोनी वर नाई, कोनी खाली नाई. बरं. मग तुमी नमुन्याले देल्लं ते कॅलेंडर पाहा. बाप उंच खुर्चीवर, पांढरी दाढी — मले आमच्या गावचा पाटीलच आठवला, रागावू नका साहेब, आमी त्याच्या ओट्याखाली उभं राहो. पुत्र एक पायरी खाली. अन् तिसरं पाखरू. सारखे असते तं पायरी कावून? — चित्रकाराची हौस म्हनता? बरं, चित्र सोडा. बाप पाठवते, पुत्र जाते. हे तुमचंच सांगनं ना? आमच्या भट्टीवरही साहेब पाठवते अन् मुकादम जाते. दोघंही कारखान्याचेच. पन मुकादमानं साहेबाले पाठवलं, असं कधी पाहिलं का तुमी? — प्रेमानं जाते, बळजबरी नाई. बरं. ऐकून घेतलं.

पन ते पाखरू. तेच मले सलून राहिलं. पान्यावर पंख पसरून बसलं, कोंबडी अंड्यावर बसते तसं — तुमीच सांगतलं. नवा जन्म देते. रडनाऱ्याचे डोळे पुसते. घरभर असते अन् कोनी तिकडं पाहत नाई. साहेब, आमच्या घरात हे काम आई करे. मग दोघांले मानसाचं तोंड, अन् आईचं काम करनाऱ्याले चोच? मानसाचं तोंड द्याचं झालं असतं तं बाईचं द्यावं लागलं असतं, म्हनून पाखरू केलं का कोनी? — तसं नाई म्हनता. देव बाप्याही नाई अन् बाईही नाई. मग दाढी कोनाची हाय? — हसू नका, मी खरंच विचारून राहिलो.

अन् ही इथली सतरंजी. बाप्यांची पुढं, बायांची मागं भिंतीपाशी, जिथं पत्रा गळते तिथं. हे तं कोन्या चित्रकारानं नाई केलं.

हेच सारं मी काल संध्याकाळी ताईले सांगतलं. म्हटलं, तू नाई जायची. मी नाई म्हनतो म्हन्जे नाई. ती भाकरी टाकत होती. म्हने, “मोठा आला तिघांचं माप घेनारा. आपल्या घरात तं दोघंच आहो, तिथं कोन वर बसते ते पाह.” मी म्हटलं, मी कुठं वर बसतो? तं तिनं तव्यावरची भाकरी उलटवली. — आता जेवाचं म्हनाल तं मी पहिले जेवतो, पन ते ड्युटी असते म्हनून. सुटी असली तवाही — सवय झाली ना. आई होती तवा तसं नोतं. दीक्षा घेऊन आली त्या दिवशी आईनं सांगतलं, आजपासून साऱ्यांची ताटं एका ओळीत, वाढनारीचंही. सोता बसली. मग आई गेली, अन् ते वाढनारीचं ताट — मी नाई उचललं साहेब. कोनी उचललं ते मले आठवतच नाई.

काल ताईनं दोन ताटं मांडली, बाजूबाजूले, अन् वाढून सोता बसली. मी — मी उठलो. भूक नाई म्हटलं. भूक होती. ती एकटीच जेवली. पोटभर जेवली.

तं आज सकाळी, पहिल्या भोंग्याच्या आधी, इथं आलो. ही निळीत भिजवलेली दोरी — अक्षरं सरळ याले पाहिजे म्हनून भिंतीवर ताणून झटकतो ती — चित्रावर मारली. पायऱ्या पुसल्या. तिघांले एका रेघेवर आनलं. पाखरू वरून उतरवून मधात बसवलं. त्याले बाईचं तोंड काढाची हिंमत नाई झाली. मग दोरी हातातच उरली. तं ती खाली जमिनीवर मारली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बायांची सतरंजी मागून ओढली, बाप्यांच्या सतरंजीच्या बाजूले लावली. दोन्हींची किनार त्या निळ्या रेघेवर. पाहा, तुमच्या पायाखालीच हाय.

चित्र नाई पटलं तं पुसा, मी तुमच्या कॅलेंडरसारखं काढून देईन. सतरंजीचं मात्र मी ऐतवारी दारात उभा राहून पाहनार हाय. कोन मागं सरकवते ते. अन् सरकवली कोनी, तं मी ताईले तशीच उठवून घरी —

नाई. ते तिले विचारा लागन.

दुसरा भोंगा झाला, जातो मी. रंग वाळला की कापड तुमीच काढा. अन् रेघेवरून पाय काढा साहेब, पुसली जाईन.