चेंबरचं पॅकिंग

— न्हाय न्हाय, दोन्ही हातांनी धरा जावयबापू, एका हातानं पेलायचं न्हाय ते. चेंबर म्हंजे इंजनाची परात, सगळं आईल त्यातच र्‍हातं – अन् पॅकिंग नवं टाकलंय, जरा तिरकं झालं की कडंनं मुडपतंय, मग आपल्या दोघांची दुपार मातीत. हां, असं. छातीवर टेकवू नका, वर दाबून धरा, मी बाजूनं एकेक बोल्ट लावतो. चाकं काढलीत न्हवं, हात पोचतो माझा. तुमी मनात म्हणत असाल, अधिकात धोंडे खायला बोलावलं, पाय धुतले, टॉवेल-टोपी दिली, अन् जेवण झाल्यावर सासऱ्यानं बनियनवर जीपखाली निजवलं. काय करणार, चेंबर धरायला माणूस लागतं. अन् तुमीच म्हणलात की, मामा, निकिताची पिशवी भरून होईस्तोवर काय मदत करू का. तेरखेड्याच्या पल्याड वाशीला पोचायचंय दिवस मावळायच्या आत. पोचाल की. न्हाय कोण म्हणतंय.

आवाज आला न्हवं आत्ता, गडगडल्यागत? काय न्हाय, ओंडका काढला म्या. एक्सलखाली टेकू हुता की बाभळीचा, त्यो. आता जॅकवरच हाय गाडी. हलू नका, हलू नका – हात काढले तर चेंबर तोंडावर येईल, अन् लाथा झाडल्या तर जॅक कलंडल. तीस वर्षं परंडा ते कुर्डुवाडी पॅसिंजर भरून वडाप मारली म्या ह्या जीपवर, ह्या जॅकचा सोभाव मला ठाव हाय. बुडाला एवढीशी चावी हाय त्येच्या. हँडलचं टोक त्यात घालायचं, पाव आटा फिरवायचा, गाडी बसली खाली. चाकं न्हाईत, म्हंजे सरळ तुमच्या बरगड्यांवर. हँडल माझ्या हातात हाय. का म्हंजे? बोलायचंय मला. घरात बोलाय लागलं की तुमी मोबाईल काढता, पारावर बोलाय लागलं की लोकं कान देतात. इथं बरं हाय, तुमचे हात गुंतल्यात अन् माझं तोंड मोकळं हाय.

तर सांगा परत. निकी बाथरूममधी घसरली. बरं. फरशी वली हुती. बरं. अन् मनगट मोडलं. जावयबापू, घसरून पडलेलं माणूस तळव्यावर पडतं, मोडलं तर हाड मागं दबतं. पोरीचं तसं न्हाय. तिचं पिळून मोडलंय – घट्ट बसलेला नट पान्यानं फिरवावा तसं. अन् वर दंडाला चार बोटं निळी. फरशीला बोटं असत्यात व्हय? मला डाक्टरनं काय सांगितलं न्हाय, एक्सरे बी म्या बघितला न्हाय. हात बघितला अन् कळलं. कसं कळलं इचारता? बोल्ट द्या त्यो, तुमच्या कानाजवळ पडलाय – र्‍हावू द्या, हात सोडू नका, मी घेतो. कसं कळलं. कळतं. ज्येनं केलंय त्येला कळतं.

तुमच्या सासूला, कडूबाईला, हाका मारताना तुमी बघितलंय मला? उजवीकडनं कधीच मारत न्हाय. तुमाला वाटलं असंल, म्हातारीला वयानं कमी ऐकू येतं. वयानं न्हाय. निकी चार वर्षांची हुती तवा. असंच चेंबरचं पॅकिंग बदलायचं हुतं, अन् तवा तयार पॅकिंग कुठं मिळतंय – जुनं सांभाळून ठेवायचं, कॉर्कच्या शीटवर मांडायचं, त्येच्यावरनं नवं कातरायचं. रात्रभर धुऊन, पुसून भिंतीला टांगलं हुतं. हिला वाटलं कचरा. सकाळी चुलीत घातलं, जाळ धरंना म्हणून. एवढंच. पॅसिंजर स्टँडवर खोळंबलेली, गाडी उघडी पडलेली, अन् ही म्हणती, मला काय ठाव. हातात चाकपाना हुता. म्या हातानं मारलं असं समद्यांना सांगितलंय, तिच्या भावाला बी. हातानं न्हाय. कानातनं रगत आलं, पदरावर आलं, तरी बाई भाकरी थापत हुती, कारण थांबली असती तर मी परत... निकी उंबऱ्यात उभी हुती. रडली न्हाय. गप बघत हुती. त्या दिवशी पोरगी गप र्‍हायला शिकली. तीच पोर म्या तुला दिली, तयार करून. तुला काय कष्टच पडले न्हाईत रं.

व्हय, अरं-तुरं करतो. आता तुला जावई म्हणायला माझी जीभ वळंना. अन् ऐक, आणखी ऐक. दोनदा आली हुती ती ह्येच्या आदी. संक्रातीला आली, व्हट फुटलेला. पोळ्याला आली, चालताना कंबर धरून. दोन्ही वेळा ह्याच जीपमधी बसवून तुझ्या दारात सोडली म्या. शेजारच्या शिटावर बसली हुती, तेरखेडं आलं तवा म्हणली, आबा, जरा हळू चालवा. एवढंच म्हणली. घर लवकर यायला नगं हुतं तिला. मला कळलं हुतं. कळूनबी म्या गेर पाडला न्हाय, उलट दाबली गाडी, म्हणलं एकदाचं सोडून मोकळं व्हावं. असा बाप हाय मी. आता बोल, चावी फिरवू का नगं? तुझी फिरवली तर माझी कोण फिरवल, ही एकच अडचण हाय. न्हायतर तुला जेवाय बसवायच्या आदीच...

रडतूयास? रड. पण हात – अरं, हात ढिला सोडू नगंस, चेंबर चाललं की डावीकडं. पॅकिंग मुडपतंय, त्या कोपऱ्यात, बघ – अरं धर, धर नीट, सिलिकॉन वलं हाय अजून, फाटंल ते – सरक. सरक तिकडं, मी आलो आत. तीनशे रुपयाचं पॅकिंग हाय का माती. हां. धरलं म्या. ह्या कोपऱ्याला बोट लाव. आता दोन बोल्ट समोरासमोर, हातानंच आवळायचे, एकदम न्हाय. लई आवळलं की पत्रा वाकतो, अन् मग जलमभर गळत र्‍हातं. झालं. बसलं बघ पॅकिंग. वाचलं.

थांब. हँडल कुठंय माझं?

जोडवी दिसत्यात. कडू? कधी आलीस? इकडनं आलीस व्हय, डाव्या कानानं... कवापास्नं उभी हायस? न्हाय, काय न्हाय, जावयबापूंना जरा काम दाखवत हुतो. कडू, तेवढा ओंडका सरकव गं आत, तुझ्या पायापाशीच पडलाय. एक्सलखाली. अगं, सरकव की. हँडल ठेव खाली आदी, ते तसं चावीत घालायचं नसतं – तुला ठाव न्हाय, जरा फिरलं तर... ठाव हाय? ऐकलंस? समदं?

पाय ओढू नगंस रं, जॅकला लागंल. गप पड. मी बी पडलोय न्हवं तुझ्या शेजारी. कडू, कायतरी बोल. शिव्या घाल. पंचवीस वर्षांत तू मला एक शिवी दिली न्हाईस, आज दे. काय म्हणलीस? व्हय. चाकपाना हुता. मोठ्यानं? चाकपाना हुता, हात न्हवता. म्या खोटं सांगितलं समद्यांना. व्हय, तुझ्या भावालाबी. अन् निकीला दोनदा म्याच सोडलं. न्हाय सोडणार आता. न्हाय. तू म्हणशील तवाच ती ह्या गाडीत बसंल, न्हायतर कधीच न्हाय.

बसली. हँडल तसंच धरून धोंड्यावर बसली. अन् ही दुसरी पावलं निकीची – हाताला प्लास्टर हाय, पिशवी न्हाय. पिशवी भरलीच न्हाय पोरीनं.

हलू नका, जावयबापू. कडू म्हणती, आता तुमी सांगा. घसरली का काय झालं, ते पयल्यापास्नं सांगा. अन् मोठ्यानं सांगा. तिला एकाच कानानं ऐकू येतं.