वरचे चार दात

—नाही हो, कीड नाहीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दात ठणठणीत आहेत, पण हिरड्या सुटल्यात, आतलं हाड झिजलंय — दातांना धरून ठेवणारंच काही उरलं नाही. वरचे पुढचे चार. आत्ता आत काढताहेत. तुम्हाला वाटेल, चार दातांचं काय एवढं, कवळी बसते की! पण आमचे हे बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात ना, एकवीस वर्षं. ते पितळी तोंड ओठांवर दाबायचं, तर मागे दात घट्ट हवेत. कवळीवर कुणाला जमतं, कुणाला नाही म्हणे. यांना जमेल... जमायलाच हवं.

सुरुवात? रक्तानं झाली. तीन वर्षांपूर्वी — बेसिनमध्ये रक्त, उशीच्या अभ्र्यावर रक्त. देवापुढे बसले, म्हटलं, रक्त थांबू दे, सोळा आठवडे अळणी जेवेन. आणि यांना म्हटलं, ब्रश टोचतोय तुम्हाला, बंद करा, नुसती चूळ भरा. ब्रश लपवलाच मी, डब्यांच्या मागे. हे हसले — "माझ्या दातांनाही उपास घडवतेस का गं?" पण ऐकलं. आणि थांबलं हो रक्त! म्हणजे... दिसेनासं झालं. घासलंच नाही तर दिसणार कुठून? हे आत्ता कळतंय. तेव्हा मी नवस फेडला, शेजारणींना कौतुकानं सांगितलं. पुढे तोंडाला वास यायला लागला, तर मी वेलची द्यायचे. वेलची!

ही गोष्ट कुणाजवळ बोलले नव्हते मी. तुम्ही अनोळखी, म्हणून. मघाशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ब्रश का सोडलात? मी खुर्चीमागेच उभी. आणि हे म्हणाले, "आळस, दुसरं काय. बायको रोज कानीकपाळी ओरडायची, मीच ऐकलं नाही." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चिडले असते तर बरं झालं असतं हो. खालचे दातही हलायला लागलेत. ते तरी वाचवायचे, तर नेमकं काय झालं ते बाईंना कळायला नको का?

आले बघा. अगंबाई, ओठ केवढा सुजलाय... अहो, बोलू नका, कापूस दाबून धरा. आणि नको नको म्हणून हात हलवू नका माझ्यापुढे. बसा इथं. — तुमचा नंबर आहे ना? दोनच मिनिटं थांबा. तुमच्याआधी मला आत जायचंय.