तिसरा बंटी

अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या एसटीत पौर्णिमाचा नुकता कुठे डोळा लागत होता, तोच पुढच्या सीटवर नवरा-बायकोची कुजबुज सुरू झाली आणि तिची झोप पार उडाली.

"करिश्मा, तू घरमालकीणबाईले नेमकं काय सांगतलं होतं?"

"तिघं राहू म्हटलं. मी, तुमी आन बंटी."

"बंटी कुत्रा हाये, हे सांगतलं?"

"नाही. आधीच्या घरमालकायनं कुत्र्याचं नाव काढलं की फोनच ठेवून देला. मनून मी म्हटलं, एक लहान हाये घरात."

"अवं, त्या लेकरू समजल्या असतीन."

"समजल्याच ना. सकाळी फोन होता त्यायचा. माळ्यावरचा पाळणा धुऊनपुसून बैठकीत टांगला म्हणे. लय वर्सांनी घरात लेकरू येऊन राहिलं म्हणे."

"मंग तवाच खरं सांगाचं होतं."

"तोंडच नाही उघडलं माझं. आन तुमाले सोमवारी अकोल्यात ड्युटीवर हजर व्हाचं हाये. बंटीले कुठी सोडू?"

करिश्माचा फोन वाजला.

"त्यायचाच हाये. स्पीकरवर टाक."

"कुठपर्यंत आले वं पोरी? लेकराले गरम दूध ठेवू का?"

"काकू... लेकरू नाही हो. बंटी कुत्रा हाये आमचा."

पौर्णिमाही सीटवर पुढे सरकून बसली.

"कटला का फोन?"

"नाही. चालू हाये."

"मंग बोलत कावून नाहीत?"

"कड्या वाजून राहिल्या. पाळणा काढून राहिल्या वाटते."