गांडुळांचं बोचकं

पनवेल स्टँडवर आपट्याच्या गाडीची वाट बघून भावनाचे पाय भरून आले होते. रांगेत पुढे एक म्हातारी आणि तिचा मुलगा, दोघांच्या मध्ये ओल्या गोणपाटाचं बोचकं. म्हातारी सारखी वाकून ते चाचपत होती.

“सुकत चाललं रं. पानी आन.”

“आत्ताच आनलं ना, आये. गांडुळंच हायेत, लेकरं नाय.”

“तुझ्या मामाच्या शेतात मूठभर माती उचलली तरी वळवळतात. आपल्या शेतात फावडं मारलं तर खणकन वाजतं.”

“खत टाकतो की मी.”

“दरसाल टाकतोस. भात गुडघ्याच्या वर जात नाय.”

“मग एवढ्याशा बोचक्यानं काय व्हनार?”

“शेन घालीन, पाला घालीन. वाढतील.”

“वाढायला वरची काळी माती पायजे. ती वीटभट्टीवाल्याला दिली तवा तू ‘नको’ बोलली नायस.”

“तूच बोललास, बदल्यात विटा मिळतील, पक्क्या भिंतींचं घर व्हईल, खाली हाय तीपन मातीच.”

भावनानं आपली पाण्याची बाटली पुढे केली. म्हातारीनं ती सगळी बोचक्यावर ओतली.

“आता ती माती कुठनं आनू, आये?”

“आनतोस कशाला? रोज तिलाच टेकून जेवतोस.”